एका पायाचं कापड

खिंडीखालचं आपलं गाव,
फेब्रुवारी १९२८

प्रिय मेना,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुला आधी वाईटच सुचलं असेल, म्हणून तेवढं सांगून टाकते. इथे कुणी मेलेलं नाही. तुझा तीतादादा धडधाकट आहे. त्याचा खोकला होता तसाच आहे, आणि तुझी वहिनी अजून त्याला रोज घराबाहेर काढते आणि जेवायच्या वेळी आत घेते. मीही ठीक आहे, गुडघे सोडून. गुडघ्यांचं काय, ते मी युद्धातच सरकारला देऊन टाकले. तुझा पत्ता तीतानेच दिला, तोही कुरकुरत. 'ती मला वर्षाला दोन ओळी लिहिते, त्यातली एक हवापाण्याची,' म्हणाला. 'तुला काय उत्तर देणार आहे?' मी म्हटलं, बाबा, तू पत्ता दे, उत्तराचं माझं मी बघते. मेना, मला तू घरी हवी आहेस. हे पत्राच्या शेवटी लिहायचं ठरवलं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊक आहे. या जूनमध्ये, सान पिएत्रोच्या सणाच्या आत ये. का, ते सांगते, पण माझ्या पद्धतीने सांगते. मधेच उठून जाऊ नकोस.

इथे बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलं आहे. तुमच्या अर्जेंटिनात म्हणे आता कडक उन्हाळा. तीताने सांगितलं तेव्हा मला वाटलं, हा दारू पिऊन आला आहे. मग फादरनीही तेच सांगितलं, तेव्हा मानावं लागलं. मी इकडे चुलीला पाठ लावून लिहिते आहे आणि तू तिकडे घाम पुसत असशील, याचं मला उगीचच वाईट वाटतं. पूर्वी आपल्याला सर्दीसुद्धा एकाच आठवड्यात व्हायची. तुझी आई म्हणायची, या दोघींना एकच नाक दिलं आहे. आता तर ऋतूसुद्धा वेगळे झाले. शेळीला परवा दोन करडं झाली, त्यातलं एक तुझ्यासारखं आहे, कुणी जवळ घ्यायला गेलं की आधी डोकं मारतं.

अनूता वीस वर्षांची झाली. सुंताची पोर वीस वर्षांची, विश्वास बसतो का तुझा? उंची बापाची, झुआनची, आणि जीभ माझ्या बहिणीची, आपल्या सुंताची. परवा शेजारीण म्हणाली, तुझी भाची फार उलट बोलते. मी म्हटलं, अहो, उलट नाही, सरळच बोलते, तुम्ही उलट्या उभ्या आहात. तुझी दरवर्षीची पार्सलं तिला मिळतात. मागच्या वर्षीचा रुमाल तिने सणाला बांधला. त्या फळाच्या वड्या आम्ही दोघींनी चुलीपाशी बसून संपवल्या, तीताला एकच दिली. तू तिची धर्ममाता, बाप्तिस्म्याला तिला हातात धरलेलं तू, आणि ते कर्तव्य तू इतक्या लांबून पाळतेस, याला कुणी नाव ठेवू शकत नाही. पण तुला एक सांगू? पार्सल उघडलं की पोरगी वस्तू बघते आणि मी खोक्याचा तळ चाचपते. कागदाचा कपटासुद्धा नसतो. दहा वर्षं झाली, मेना. एवढा वेळ मी कुणाच्या शब्दासाठी खोक्यात हात घातलेला नाही.

गेल्या महिन्यात मी माळ्यावरून आपल्या तिन्ही टोपल्या खाली काढल्या. उंदरांनी तुझीच कुरतडली आहे. पाठीला लागून जिथे वेत काळा पडला होता, तिथे अजून घामाचा वास येतो, खोटं नाही सांगत. पलटणीचा लाल पट्टा दंडाला बांधून आपण पहिल्यांदा निघालो तो दिवस आठवला. पुरुष सगळे पलटणीत, वरच्या कड्याची वाट खेचरांच्या बापालाही चढता यायची नाही, आणि फादरनी देवळात चिठ्ठी वाचली की ज्यांच्या पाठी चांगल्या आहेत अशा बायकांनी यावं. सुंता माझ्या कानात म्हणाली, 'पहिल्यांदाच कुणीतरी पाठीचं कौतुक केलं.' मग रोज तेच. खाली कोठारात भरायचं, पाव, चुना, तारा, तोफेचे गोळे, आणि चढायचं. हात मोकळे म्हणून चढताना मोजे विणायचे. गोळा पाठीला टोचायला लागला की सुंता म्हणायची, 'झुआनपेक्षा हाच बरा गं, झोपेत लाथा तरी मारत नाही.' आणि तू सगळ्यांत पुढे, मागे वळून ओरडायचीस की हसू नका, दम जातो.

त्या मार्चमधल्या लढाईत तर आपण हसणंच विसरलो. धुक्यात शत्रूने कडा घेतला, आपल्या पोरांनी तो परत घेतला, परत गेला, परत घेतला. कमरेएवढ्या बर्फातून आपण वर दारूगोळा नेत होतो आणि येताना स्ट्रेचरवरून माणसं आणत होतो. त्यातली निम्मी आपल्याच खोऱ्यातली. चेहऱ्यावर फडकं टाकलेलं असलं तरी पायातल्या मोज्यांवरून कळायचं, हा कुणाचा, कारण मोजे आपणच विणलेले. तू एकदा खाली बसून एकाचा मोजा नीट वर ओढलास, थंडी वाजेल म्हणून. तो केव्हाच गेला होता. एवढं सगळं कशासाठी, तर एका कड्यासाठी, आणि खंदक दोन्हीकडचे इतके जवळ होते की इकडे कुणी शिंकलं तर तिकडून कुणीतरी 'देव बरं करो' म्हणायचं. आणि ते म्हणायचं आपल्या बोलीत, कारण तो पलीकडच्या खोऱ्यातला, युद्धाआधी आपल्याकडे गवत कापायला येऊन गेलेला.

हेच तर आपल्याला नडलं, मेना. समोरचे लोक आपल्याला कधी शत्रू वाटलेच नाहीत. लहानपणी खिंड ओलांडून त्यांच्या बाजाराला आपण लोणी विकायला जायचो. तुझे वडील तिकडे घरं बांधायचे. त्यांच्या पोरींची नावं आपल्याला पाठ होती, त्यांचे सण पाठ होते, आणि चकत्या तर दोन्हीकडे सारख्याच. आपल्याकडे सान पिएत्रोच्या आदल्या संध्याकाळी, त्यांच्याकडे सान झुआनच्या दिवशीच संध्याकाळी, चार दिवस आधी. तशाच बीच झाडाच्या लाकडाच्या भोक पाडलेल्या चकत्या, तशाच कडेपर्यंत लाल होईस्तोवर आगीत ठेवलेल्या, काठीच्या टोकावर अडकवून डोक्यावरून फिरवायच्या आणि फळीवर आपटून माळावरून खाली सोडायच्या. आणि सोडताना जोडीची नावं ओरडायची, ही अमक्यासाठी आणि अमकीसाठी. खाली सगळं गाव माना वर करून उभं. कुणाच्या पोरी लाजतायत, कुणाच्या आया शिव्या घालतायत. त्या ओरडण्यानंतर मग मागे फिरायला वाट नसायची, सरळ लग्नच.

सुंताचं नाव कधी ओरडलं गेलं नव्हतं. तिच्या वर्षी तीन दिवस मुसळधार लागलं, आग पेटलीच नाही, आणि पुढच्या वर्षी तर तिच्या कडेवर पोर. तिला त्याची रुखरुख होती. आपण तिला चिडवायचो की तुझं लग्न आकाशात नोंदलंच नाही. मग त्या वर्षी, सान झुआनच्या संध्याकाळी, आपण वरून टोपल्या रिकाम्या करून उतरत होतो आणि पलीकडच्या कड्यावरून एक ठिणगी सुटली. मग दुसरी, मग तिसरी. भर युद्धात पलीकडच्या पोरांनी चकत्या सोडल्या. आणि आपल्या तोफा गप्प राहिल्या, कारण तोफेवर आपल्या खोऱ्यातली पोरं होती, त्यांना कळलं हे काय आहे. एकजण तर म्हणाला, 'तिसरी बहुतेक त्या सुताराच्या पोरीची असणार.' सुंता वाटेतच थांबली. म्हणाली, 'त्यांनी केलं. आपण नाही करायचं? पुरुष नाहीत म्हणून काय सण रद्द? मेना, तुझ्या दंडात जोर आहे, तू सोड माझी.'

तू आधी नाही म्हणालीस. हे मी तुला मुद्दाम लिहिते आहे, कारण तू ते विसरली असशील. तू म्हणालीस, बाईने चकती सोडलेली कुणी पाहिली आहे का? सुंता म्हणाली, बाईने तोफगोळा वाहिलेला तरी कुणी पाहिला होता? मग मीच तीन चकत्या कापल्या, एक सुंताची, एक तुझी, एक माझी. माझ्या नावाला त्या दाढीवाल्या खेचरवाल्या सार्जंटचं नाव जोडायचं, म्हणून तुम्ही दोघी उतारावर लोळून हसलात. सान पिएत्रोच्या आदल्या दिवशी आपण माल पोचवून वरच्या माळावर आलो. अजून उजेड होता. मी आग पेटवली, सुंताने चकती फिरवून फिरवून लाल केली, आणि तू ती सोडलीस. आणि काय सोडलीस. आयुष्यात मी एवढ्या लांब गेलेली चकती पाहिली नाही. आणि सुंता स्वतःचंच नाव स्वतः ओरडली, झुआनसाठी आणि सुंतासाठी, आणि तोंडावर हात धरून खाली बसली, हसत. त्या वेळी ती आठ वर्षांच्या मुलीची आई नव्हती, सोळा वर्षांची पोर होती. तिचा तो चेहरा तुझ्यामुळे मला बघायला मिळाला. याचे आभार मी तुझे कधी मानलेच नाहीत, ते आता मानते.

उरलेल्या दोन चकत्या राहिल्या. म्हटलं, उशीर होतो आहे, पोरं वाट बघत असतील. अनूताला झोपवायचं म्हणून सुंता पुढे झाली. आपण झऱ्याच्या वळणाच्या अलीकडे होतो तेव्हा पहिला गोळा पडला. पुढचं तुला सांगायला नको. मी लिहूही शकणार नाही. नंतर आपल्याला वरच्या पोरांनी सांगितलं की त्या चार दिवसांत पलीकडची पलटण बदलली होती. पलीकडच्या खोऱ्यातल्या लोकांना दुसऱ्या आघाडीवर नेलं होतं आणि त्यांच्या जागी कुठल्यातरी सपाट मुलखातली माणसं आली होती, ज्यांनी जन्मात कधी पेटती चकती पाहिली नव्हती. त्यांना ती इशारत वाटली असणार, असं पोरं म्हणाली. तू ते ऐकलंस आणि त्या दिवसापासून तुझं तोंड मिटलं. सुंताला खाली आणताना स्ट्रेचरचा पुढचा दांडा तू कुणाला बदलून दिला नाहीस. दुसऱ्या दिवशी पहाटे तू कोठारात उभी होतीस आणि सुंताच्या वाट्याचंही अर्धं ओझं तुझ्याच टोपलीत भरून घेत होतीस. मी म्हटलं, अगं मरशील. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

मग पुढच्या शरदात आघाडी मोडली, झुआन तिकडेच कुठेतरी नदीवर पडला, आणि आपण गायी, गाद्या, म्हातारी माणसं घेऊन खाली धावलो. फ्लोरेन्सच्या त्या मठातल्या खोलीत एका सकाळी मी उठले तर तुझी गादी गुंडाळलेली. खिडकीत अनूताच्या कापडी सपाता ठेवलेल्या, तळ नवे शिवलेले, चिंध्यांच्या सात थरांचे, तुझ्या त्या बारीक टाक्यांचे. दुसरं काही नाही. मला वाटलं, दूध आणायला गेली असेल. दुपारपर्यंत मला तेच वाटत होतं. गधडे, तिघींचं ओझं एकटीच्या टोपलीत घालून तू निघून गेलीस. मला विचारलंस का, तुझ्या वाटणीचं तुला हवं आहे का म्हणून? माझी बहीण गेली होती. त्या दिवशी मैत्रीणही गेली. बहिणीला देवाने नेलं म्हणून मी त्याच्याशी भांडू शकले, तुझ्याशी भांडायला पत्ताही नव्हता.

परत आलो तेव्हा घराला छप्पर नव्हतं. हळूहळू बांधलं सगळं. आणि सीमेचं काय झालं ते ऐकशील तर हसशील. एवढी माणसं मारून झाल्यावर कुठलेसे साहेब येऊन मोजणी करून गेले आणि सीमेचा दगड जिथे आधी होता तिथेच पुन्हा उभा केला. त्याच कड्यावर. आता तिथे शेळ्या चरतात, इकडच्या तिकडे जातात, आणि आम्ही जाऊन हुसकून आणतो. त्या पहिल्या जूनमध्ये गावातली उरलेली पोरं माझ्या दारात आली, टोप्या हातात घेऊन. म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं की ज्या घरचं माणूस चकतीच्या माळावरून परत आलं नाही, त्या घराने स्वतःच्या चुलीतला निखारा दिल्याशिवाय आग पेटवायची नाही. मी म्हटलं, यंदा नाही. त्यांनी माना डोलावल्या. पुढच्या जूनला परत आली. यंदा नाही. दरवर्षी येतात आणि दरवर्षी मी तेच सांगते. आता तर एक म्हातारा म्हणतो, ओर्सोलाबाई मेल्यावरच या गावात लग्नं जमतील. जमतात तशी, पण चोरून जमल्यासारखी, कुणी कुणाचं नाव मोठ्याने घेत नाही.

गेल्या ऑक्टोबरात चीज विकत घ्यायला पलीकडच्या खोऱ्यातला एकजण आला. फ्लोरियान नाव. पाय ओढत चालतो, वयाने आपल्याएवढाच. मक्याचा पोलेंता आणि तळलेलं चीज खाता खाता बोलता झाला. वरच्या कड्यावर होता तो, पहिल्यापासून. पलटण बदलली तेव्हा नव्या लोकांना वाटा दाखवायला म्हणून त्यांतल्या चार-पाचजणांना मागे ठेवलं होतं, त्यात हा. मी हातातलं भांडं खाली ठेवलं. मी विचारलं, सान पिएत्रोच्या आदल्या संध्याकाळी तू कुठे होतास? तो खाताना थांबला. म्हणाला, 'एकच चकती होती. खूप लांब गेली होती.' म्हणाला, मी टोपी काढली, आणि शेजारच्या नव्या पोराला सांगायला गेलो की ही लग्नाची आग आहे, पण त्याला माझी भाषा येत नव्हती, म्हणून हातांनी बाळ जोजवून दाखवलं. तो हसला.

मग मी ते विचारलं, मेना. तुझ्या वतीने विचारलं. तोफ त्या चकतीमुळे सुटली का? त्याने ताट बाजूला सारलं. म्हणाला, 'बाई, तोफा माझ्या हाताखाली नव्हत्या. त्या मागे डोंगराआड होत्या, त्यांचे हुकूम वेगळे. झऱ्याच्या वळणावर त्या रोज संध्याकाळी डागायच्या, तुमची माल न्यायची वाट म्हणून, हे तुम्हालाही माहीत आहे. त्या दिवशी चकतीमुळे डागल्या की रोजच्यासारख्या डागल्या, ते मला ठाऊक नाही. चकतीमुळे नाही, असं मी म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण मग उद्या मला तुमच्या घरचं चीज गोड लागणार नाही.' मी त्याला अजून एक तुकडा वाढला. मी तुला खोटं लिहू शकले असते, की एक माणूस आला आणि शपथेवर सांगून गेला, चकतीचा काही संबंध नव्हता. दोन रात्री मी तो विचार करत होते. पण तू माझं अक्षर ओळखतेस, खोटं लिहिताना ते सरळ येतं. तेव्हा खरं हे आहे की कुणालाच माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही. पण त्या दिवशी चकती नसती तरी आपण त्याच वळणावरून त्याच वेळी खाली येणार होतो, जशा रोज येत होतो. आणि वर डोंगरावर एक माणूस टोपी काढून उभा होता.

आता अनूताचं. धर, बसली आहेस ना? तुमच्या तीताचा ब्लास आणि आमची अनूता. हो, तुझाच भाचा. मला सगळ्यात शेवटी कळलं, गावाला आधी. गवताच्या गंजीमागे वगैरे काही नाही गं, सरळ देवळाच्या पायरीवर बसून दोघं बोलत होती, आणि तीताला वाटलं शेळीचा सौदा चालला आहे. ब्लास माझ्याकडे आला, कान लाल करून, आणि म्हणाला, 'मावशी, यंदा निखारा द्या. मला हिचं नाव ओरडायचं आहे.' मी काही बोलायच्या आत अनूताच आतून बाहेर आली. तिला मी कधी काही सांगितलं नव्हतं, पण या गावात सांगावं थोडंच लागतं. म्हणाली, 'तू ओरड, पण चकती तू नाही सोडायची. माझ्या आईची ज्या हाताने सोडली त्याच हाताने माझी सुटेल. नाहीतर नको.' ब्लास म्हणाला, 'अगं, आत्या अर्जेंटिनात आहे.' ती म्हणाली, 'मग बोलाव. जहाजं काय फक्त जायलाच असतात का?' बघ, म्हटलं ना, जीभ सुंताची.

मी तिला विचारलं, पोरी, तुला त्या चकतीची भीती नाही वाटत? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच लहान आहे. 'मावशी,' म्हणाली, 'मला आईचा चेहरा नीट आठवत नाही. पण त्या संध्याकाळी मी खाली अंगणात उभी होते. वरून ठिणगी आली आणि आईचा आवाज आला, आपलंच नाव ओरडत. मला तिचा तेवढाच आवाज आठवतो. ती हसत होती.' मेना, बारा वर्षं माझ्या घरात ही मुलगी आहे आणि हे तिने मला परवा सांगितलं. मी उठून शेळीला पाणी द्यायला गेले. शेळीला तहान नव्हती.

आता शेवटचं लिहिते, आणि हेच लिहायला मी बसले होते. गावाला वाटतं, मी सुंतासाठी आग अडवून धरली. फादरनाही तसंच वाटतं, ते दरवर्षी मला क्षमेवर प्रवचन ऐकवतात, मी मान खाली घालून ऐकते. खरं कुणाला सांगितलेलं नाही. दरवर्षी जूनमध्ये पोरं दारात आली की मी त्यांच्या डोक्यांवरून मागे रस्त्याकडे बघायचे, तू येते आहेस का म्हणून. तू नसताना आग पेटली असती तर गावाने सगळं विसरून टाकलं असतं, आणि मग तुला परत यायला कारणच उरलं नसतं. म्हणून यंदा नाही, यंदा नाही. यंदा मी निखारा देणार आहे. तुझी आणि माझी, दोन्ही चकत्या माझ्या टोपलीच्या तळाशी अजून आहेत, चांगल्या सुकल्या आहेत. तुझ्या नावाला कोण जोडायचं ते तू ठरव, माझा सार्जंट म्हणे खाली शहरात चार पोरांचा बाप झाला आहे, त्यामुळे मी मोकळी आहे. आणि अजून एक. नवरीच्या सपाता धर्ममातेने शिवायच्या असतात, हे तुला सांगायला नको. सुंताचा तो निळा परकर मी इतकी वर्षं जपून ठेवला होता, तळाला थर घालायला म्हणून. तो काल कापला. या पाकिटात घडी घातली आहे ती उघड, आणि तिथे शिवून पार्सलाने पाठवायचा विचार मनातसुद्धा आणू नकोस, कारण मी तुला ओळखते, म्हणून फक्त डाव्या पायाचं कापड पाठवते आहे. उजव्या पायाचं माझ्याकडे आहे.

अजून दारात उभी राहून रस्त्याकडे बघणारी, तुझीच,
ओर्सोला